जबड्याच्या सांध्याचं हाड ताणाने कसं झिजतं, ते वेळेत कसं ओळखायचं आणि ताण कसा उतरवायचा

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली एक गोळा आधी जागच्या जागी फिरतो, मग पुढे सरकतो. हे खालच्या जबड्याचं डोकं. दंतवैद्य त्याला कोंडाइल म्हणतात. मोठ्या माणसात ते आडवं १५ ते २० मिलिमीटर आणि पुढून मागे ८ ते १० मिलिमीटर असतं, म्हणजे टपोऱ्या शेंगदाण्याएवढं. कवटीच्या खळग्यात ते बसतं आणि दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. ती मधोमध जेमतेम १ मिलिमीटर जाड, मागच्या कडेला ३ मिलिमीटरच्या आसपास.

काही जणांत हे डोकं झिजत जातं. आधी सपाट होतं, मग उंचीला कमी होतं. मागची उंची गेली की जबडा मागे फिरतो, दाढा आधी टेकतात, पुढचे दात उघडे राहतात आणि हनुवटी मागे गेल्यासारखी दिसू लागते. संधिवात, मार, संप्रेरकं, जबड्याची शस्त्रक्रिया अशी कारणं बरीच आहेत. पण त्यातल्या बहुतेकांत एक गोष्ट आढळते: सांध्याला पेलवेल त्याहून जास्त ताण, आणि तो बराच वेळ. रुग्णाला स्वतःच्या हाताने कमी करता येईल असा भागही हाच. म्हणून आमचं ठाम म्हणणं आहे की दातांना हात लावण्याआधी ताणाला हात लावावा.

ताण कुठून येतो

पोळी भाजायचा चिमटा आठवा. त्याचं जोडलेलं टोक म्हणजे सांधा, मधे जिथे बोटांनी दाबतो तिथे गालाचे स्नायू, आणि उघडं टोक म्हणजे पुढचे दात. वस्तू जेवढी टोकाशी धरू तेवढा बोटांनी जास्त जोर लावावा लागतो, आणि त्यातला बराचसा जोर जोडाकडे जातो. जबड्याचंही तसंच. ऊस पुढच्या दातांनी सोलताना सांध्यावर जो भार येतो, तो तेवढ्याच जोराने दाढेखाली चावताना येणाऱ्या भारापेक्षा जास्त असतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. उजव्या दाढांनी चावलं की डाव्या सांध्यावर जास्त भार येतो. कारण चावण्याच्या बाजूला घासाचा टेकू मिळतो आणि दुसऱ्या बाजूचं डोकं खळग्यावर दाबलं जातं. त्यामुळे डावा सांधा दुखतोय म्हणून उजवीकडूनच जेवायचं, ही सवय बरेचदा दुखऱ्या सांध्याला आणखी त्रास देते. एकच सांधा दुखत असेल तर मऊ घास त्याच बाजूने चावून पाहा. पुष्कळांना त्याने बरं वाटतं.

आता वेळेचा हिशेब. जेवताना आणि गिळताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात तो वेळ चोवीस तासांत सगळा मिळून १५ ते २० मिनिटांच्या घरात असतो. बाकीचा दिवस दात २ ते ४ मिलिमीटर सुटे असायला हवेत. कामात गढून दात आवळणारा माणूस हा हिशेब तासांवर नेतो. दात-ओठ खाणं म्हणजे राग, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात राग नसतानाही एक्सेलची शीट भरताना, शिवणयंत्रावर, खड्ड्यांतून दुचाकी चालवताना माणसं नकळत दात आवळून असतात. निरोगी मोठ्या माणसाची दाढेवर चावण्याची कमाल ताकद साधारण ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे ५० ते ७० किलो वजनाएवढी. एवढी ताकद क्षणभर लागली तर सांधा ती सहज पेलतो. तिचा थोडा अंशसुद्धा तासन्‌तास राहिला तर मात्र पेलत नाही. कडक चकली एकदा खाल्ल्याने हाड झिजत नाही. दिवसभर रिकाम्या तोंडी दात आवळल्याने झीज सुरू होऊ शकते.

हाड जातं ते असं

दात घट्ट आवळले की सांध्याच्या आतला दाब वाढतो. मोजमापांत तो काहींमध्ये २०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत गेलेला आढळलाय. भोवतीच्या बारीक केशवाहिन्यांतला दाब ४० च्या आतला. म्हणजे आवळलेल्या अवस्थेत सांध्याच्या अस्तराचं रक्त थांबतं. दात सोडले की रक्त पुन्हा एकदम येतं, आणि या थांबण्या-येण्यात फ्री रॅडिकल, म्हणजे आसपासच्या ऊतींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात. सांध्यात वंगणाचं काम करणारं हायल्युरोनिक अॅसिड ते तोडतात. वंगण पातळ झालं की घर्षण वाढतं, चकती चिकटते किंवा पुढे सरकते. मग कोंडाइल चकतीच्या मागच्या मऊ, रक्तवाहिन्यांनी आणि नसांनी भरलेल्या भागावर घासू लागतं. तोंड उघडताना येणारा कट्ट आवाज बहुधा सरकलेल्या चकतीवर डोकं चढल्याचा असतो.

पुढचं काम पेशींचं. जादा दाबाखाली कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या डोक्यावरच्या लवचिक थराच्या, पेशी सूज वाढवणारी रसायनं सोडतात, इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ-अल्फा ही त्यातली ठळक. सोबत कूर्चेची जाळी तोडणारी विकरं येतात. त्याच पेशी नव्या रक्तवाहिन्यांना आत बोलावणारी व्हीईजीएफ आणि हाड खाणाऱ्या पेशी तयार करायला सांगणारी रँकल ही प्रथिनंही वाढवतात. रँकलला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी पडलं की ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी कूर्चेखालचं हाड पोखरू लागतात. पातळ झालेलं हाड नेहमीच्या चावण्यानेही दबतं, सपाट होतं. झिजलेल्या डोक्याचा टेकणारा भाग लहान होतो, त्यामुळे तोच भार कमी जागेवर येतो. इथून चक्र आपोआप फिरू लागतं. ते तोडायला लवकर पकडलेलं बरं, ते याचसाठी.

एकाच सवयीने एकाचं हाड झिजतं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, याचं उत्तर क्षमतेत आहे. अर्नेट, मिलाम आणि गॉट्समन यांनी १९९६ मध्ये हे नीट मांडलं: ताण जास्त असेल किंवा सांध्याची जुळवून घेण्याची ताकद कमी असेल, तरी झीज होते. ताकद कमी असण्याची शक्यता कुणात? किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रिया, संधिवाताचे रुग्ण, बालवयातला संधिवात असलेली मुलं, बराच काळ स्टेरॉइड घेणारे, ड जीवनसत्त्व फार कमी असलेले, आणि सांधे अति सैल असणारे. अंगठा मागे वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकत असेल, करंगळी मागे सरळ उभी वळत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. या गटात मोडत असाल तर पुढची मोजमापं जास्त गांभीर्याने घ्या.

महिन्यातून एकदा मोजा

लागणारं सामान: १५ सेंटिमीटरची प्लॅस्टिक पट्टी, आरसा, मोबाइल, वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी आणि वही. वेळ सकाळची, दात घासल्यानंतरची. दर महिन्याला तीच तारीख ठरवा.

१. तोंड दुखल्याशिवाय जेवढं उघडेल तेवढं उघडा. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत मिलिमीटर मोजा. तेच दोन दात दरवेळी धरा. ४० ते ५५ म्हणजे ठीक. ३५ च्या खाली गेलं तर दाखवायला जा. पट्टी नसेल तर स्वतःची मधली तीन बोटं उभी आत जातात का पाहा.

२. आरशात बघत सावकाश उघडा-मिटा. हनुवटी एका बाजूला जाऊन परत मध्यावर येते की तिकडेच राहते, ते लिहा. तिकडेच राहत असेल तर त्या बाजूचा सांधा पुढे सरकत नाहीये.

३. कागदाची पट्टी पुढच्या दातांत धरून दात नेहमीसारखे मिटा आणि पट्टी ओढा. मग सुळ्यांपाशी, मग दाढांपाशी. कुठे अडते, कुठे सुटते ते लिहा. पुढे थोडी सुटणं पुष्कळ निरोगी माणसांतही असतं. बघायचा तो बदल: मागच्या महिन्यात अडत होती आणि आता सुटते, याला अर्थ आहे.

४. दात मिटून, ओठ बाजूला ओढून समोरून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो. मग चेहऱ्याचा बाजूने एक. भिंतीला पाठ, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, अंतर तेच.

५. आवाज. एक कट्ट असा येऊन मोकळं होणं वेगळं आणि वाळूत पाय घासल्यासारखी करकर वेगळी. पहिल्यात बहुधा चकतीचा प्रश्न असतो आणि दुखत नसेल तर उपचार लागतोच असं नाही. करकर मात्र हाडाच्या पृष्ठभागावरची झीज सुचवते.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट थांबून सांगायला हवी. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण सुपारी, मावा, विदर्भात खर्रा चघळणं सुरूच आहे. त्याने गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे येतात, तिखट लागलं की तोंड भाजतं आणि तोंड उघडणं वर्षागणिक कमी होतं. हा सबम्युकस फायब्रोसिस. तो सांध्याचा आजार नाही आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. अशा तोंडाला सांध्याचा ताण उतरवण्याचे व्यायाम देत बसलं तर मूळ आजार मागे पडतो. सुपारी खात असाल आणि तोंड कमी उघडत असेल तर आधी गालाची आतली बाजू तपासून घ्या. शिवाय सुपारी चघळण्याने जबड्यावर दिवसभराचा भार पडतो तो वेगळाच.

दुखणं सांध्याचं की स्नायूंचं, याचा अंदाज घ्यायला आइस्क्रीमच्या लाकडी काडीची एक सोपी खूण आहे. दुखऱ्या बाजूच्या दाढांत काडी धरून हलकेच चावा. कानापुढची कळ कमी झाली, आणि काडी दुसऱ्या बाजूला धरल्यावर वाढली, तर सांधा दबतोय. काडी धरलेल्या बाजूचा गालच दुखला तर स्नायूंकडे बघा. हा नुसता अंदाज आहे, निदान डॉक्टरांचंच.

दिवसाचा ताण

“न” म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या: वरच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर, दातांना न रेटता. आता ओठ मिटा. दात आपोआप सुटे राहतात. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर, खांदे खाली. ही जबड्याची विश्रांतीची बैठक.

ती अंगवळणी पाडायला रंगीत टिकल्या वापरा. मोबाइलच्या मागे, लॅपटॉपच्या कोपऱ्यात, गाडीच्या आरशावर, ओट्याजवळच्या फरशीवर, अशा सात-आठ ठिकाणी लावा. टिकली दिसली की एकच प्रश्न: दात टेकलेत का? टेकले असतील तर नाकाने श्वास सोडत सैल करा. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना धक्का बसतो, कारण दर दुसऱ्या टिकलीला दात टेकलेले सापडतात. साधारण दोन-तीन आठवड्यांनी हे प्रमाण घटू लागतं. टिकल्यांच्या जागा दर आठवड्याला बदला. डोळ्यांना सवय झाली की त्या दिसेनाशा होतात.

ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी कानशिलावर दोन बोटं ठेवून दात आवळून पाहावेत. बोटांखाली स्नायू टणक उभा राहतो. आता जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर, गालावर तसंच करा. संध्याकाळी याच दोन जागा दाबल्यावर दुखत असतील, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे असतील, गालाच्या आत दात मिटतात त्या रेषेत पांढरा वळ असेल, तर दात आवळले जात असावेत असं समजा.

बाकीचे भार छोटे आहेत, पण रोजचे आहेत. हनुवटीखाली हात टेकून वाचणं, खांदा आणि गालात फोन धरणं, पालथं झोपून गाल हातावर टाकणं, नखं आणि पेनाचं टोपण चावणं, हेल्मेटचा पट्टा हनुवटी मागे ढकलेल इतका आवळणं, हे सगळं थांबवा. जांभई आली की मूठ हनुवटीखाली धरा म्हणजे जबडा धाडकन उघडत नाही. दंतवैद्याकडे मोठं काम असेल तर आधीच सांगा: दर दहा-पंधरा मिनिटांनी तोंड मिटायला द्या, आणि दाढांत टेकू म्हणून रबरी ठोकळा ठेवा. अक्कलदाढ काढताना दुसऱ्या हाताने जबड्याला खालून आधार देणारा डॉक्टर सांध्याची काळजी घेतोय हे ओळखा.

शेक: ओला टॉवेल गरम पाण्यात पिळून, मनगटावर सोसतो का बघून, गाल आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. नुकताच आखडून सुजला असेल तर पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं. व्यायाम एकच आणि हलका: जीभ टाळूला लावून, ती सुटू न देता, तोंड जेवढं उघडेल तेवढंच उघडायचं. एका वेळी सहादा, दिवसातून सहा वेळा. जीभ टेकलेली असल्याने कोंडाइल बहुतांशी जागीच फिरतं, पुढे घासत नाही. दुखलं तर अंतर कमी करा, जोर वाढवू नका.

दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टर सात-दहा दिवस देतात, ती जेवणानंतरच घ्यायची. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय नाही. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अजिबात नाही.

ताटात काय

त्रास भडकलेला असताना दोन ते चार आठवडे मऊ खा: मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, पिठलं, आंबोळी, घावन, उकडलेला बटाटा, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, दही, अंडी, शिजवलेले मासे. पेरू, सफरचंद, मक्याचं कणीस पुढच्या दातांनी तोडू नका. बारीक फोडी करून दाढांनी खा, कणसाचे दाणे सोडवून घ्या. चिक्की, चिवट खोबरं, मटणाची नळी, च्युइंगम बंद. दुधाची पिशवी आणि धागा दातांनी तोडणंही बंद.

पण महिनोन्‌महिने नुसतं पातळ खात राहू नका. कूर्चेला थोडा भार लागतोच. वाढत्या वयाच्या उंदरांना फक्त मऊ अन्न दिल्यावर त्यांच्या कोंडाइलची कूर्चा पातळ झाल्याचं प्रयोगांत दिसलंय. दुखणं बसलं की दर आठवड्याला एक पायरी चढा: खिचडीवरून पोळी, पोळीवरून भाकरी, मग कोशिंबीर. चढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आखडला तर एक पायरी खाली या.

रात्रीचा ताण आणि स्प्लिंट

झोपेत दात खाणं आपल्या ताब्यात नसतं. जंतांमुळे दात खातात हा समज आपल्याकडे घट्ट आहे, मोठ्यांच्या बाबतीत तो बाजूला ठेवा. झोपेत श्वास अडकणं, घोरणं, दारू, तंबाखू, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी यांचा याच्याशी संबंध आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात आवळणं वाढतं. अशी गोळी चालू असेल तर ती स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

यासाठी स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं आवरण, करून घ्यायचा तर कडक अॅक्रिलिकचा, एका ओळीतले सगळे दात झाकणारा, सपाट, दाढांवर २ ते ३ मिलिमीटर जाडीचा. त्यावर दात मिटल्यावर दोन्ही बाजूंच्या सगळ्या दाढा एकाच वेळी, सारख्या टेकल्या पाहिजेत. हे डॉक्टर रंगीत कागदाने तपासतात आणि जास्त लागणारा ठिपका घासतात. ते घासणं स्प्लिंटवर, दातांवर नव्हे. दिल्यानंतर एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासणी झालीच पाहिजे, कारण स्नायू सैल झाले की जबड्याची ठेवण बदलते आणि आधीचे ठिपके खोटे ठरतात. स्प्लिंट फक्त झोपताना घाला. थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो वाकतो. सकाळी काढल्यावर दात थोडे वेगळे टेकतात, ते अर्ध्या तासात पूर्ववत व्हायला हवेत. दुपारपर्यंत झाले नाहीत तर फोन करा.

स्प्लिंट दात खाणं थांबवत नाही. तो भार पसरवतो आणि दात वाचवतो. एवढीच अपेक्षा ठेवा.

हाड बघायचं कसं

ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, दोन्ही डोक्यांचा ढोबळ आकार कळतो. साध्या एक्स-रेत झीज दिसायला हाडातले बरेच क्षार आधी गेलेले असावे लागतात, म्हणून ओपीजी साफ आहे यावर निर्धास्त राहू नका. दाताची ठेवण बदलत असेल तर दोन्ही सांध्यांचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, काढा. निरोगी कोंडाइलच्या कडेने पेन्सिलीने काढल्यासारखी अखंड पांढरी रेघ असते. झीज चालू असेल तर ती रेघ मधेच तुटते, कडा वाळवीने खाल्ल्यासारखी खडबडीत दिसते, खाली लहान काळे खळगे दिसतात. डोकं सपाट, पुढे टोक आलेलं, पण रेघ पुन्हा अखंड झालेली असेल तर झीज होऊन गेली आणि आता थांबलीय असा अंदाज बांधता येतो. एकाच फोटोवरून खात्री नाही. सहा ते बारा महिन्यांनी दुसरा काढून शेजारी शेजारी ठेवावा लागतो. चकती बघायला एमआरआय लागतो. वाढ किंवा झीज चालू आहे का यासाठी कधी टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा बोन स्कॅन करतात, पण सूज आणि झीज यांतला फरक तो सांगत नाही.

दोन्ही बाजू एकदम झिजत असतील, सकाळी आखडत असेल किंवा बोटांचे सांधेही दुखत असतील तर रक्ताच्या तपासण्या मागा: ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए, ड जीवनसत्त्व. संधिवात असेल तर त्याचं औषध सुरू केल्याशिवाय नुसत्या स्प्लिंटने काही साधत नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सेचे (ओरल सर्जरी) विभाग आहेत. जबड्याच्या सांध्यासाठी केसपेपर काढताना तोच विभाग सांगा.

हमखास होणाऱ्या चुका

गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार गार्ड. तो मऊ असल्याने काही जण त्यावर आणखी चावतात, आणि सगळीकडे सारखा टेकत नाही. फक्त पुढच्या दातांवर बसणारा छोटा गार्ड त्याहून वाईट: महिनोन्‌महिने वापरला तर मागच्या दाढा वाढून खाली-वर येतात आणि पुढचे दात उघडे राहतात, म्हणजे झिजेसारखंच चित्र तयार होतं.

दात नीट बसत नाहीत म्हणून “उंच” दात घासून घेणं. झिजणाऱ्या जबड्यात दात नीट न बसणं हा परिणाम असतो. आज घासलं तर दोन महिन्यांनी दुसरा दात उंच लागेल, आणि घासलेलं परत येत नाही.

आखडलेला जबडा जोर लावून उघडणं. उंदरांचं तोंड बळेच ताणून उघडं ठेवल्याने कोंडाइलमध्ये झीज होते, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. घरच्या माणसाने अंगठे घालून तोंड ताणू नये.

जबड्याची रेघ उठून दिसावी म्हणून सिलिकॉनचे गोळे किंवा कडक डिंक तासन्‌तास चघळणं. तरुण मुलांत हे फार वाढलंय. निरोगी सांध्याला याने लगेच काही होईलच असं नाही, पण आवाज येणाऱ्या किंवा दुखणाऱ्या सांध्यावर हा भार घालणं धोक्याचं आहे.

आणि मुद्दाम कट्ट आवाज काढून दाखवणं. प्रत्येक वेळी चकतीची मागची कडा घासते.

तारा किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर

दातांची ठेवण सलग सहा ते बारा महिने, फोटो आणि मोजमापांत, जराही न बदलता राहिलीय हे पाहिल्याशिवाय तारा किंवा जबड्याची शस्त्रक्रिया सुरू करू नका. झीज चालू असताना तारांनी दात जुळवले तरी खालचं हाड सरकत राहतं. रबर बँडने खालचा जबडा पुढे ओढताना किंवा शस्त्रक्रियेत तो बराच पुढे बसवताना कोंडाइलवर दाब वाढू शकतो. कोंडाइल आधीच लहान आणि त्याखालची हाडाची मान मागे झुकलेली असेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत पुन्हा झीज होण्याचा धोका राहतो. म्हणून आधी सीबीसीटी, नंतर दोन वर्षं दर काही महिन्यांनी तपासणी.

दोन सुयांतून शंभर मिलिलीटरहून अधिक रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखा क्षारयुक्त द्रव) सोडून सांधा धुणं हा छोटा उपाय आखडलेल्या, दुखऱ्या सांध्याला बरेचदा आराम देतो. गेलेलं हाड त्याने परत येत नाही. डोकं जवळजवळ संपलंच असेल तर कृत्रिम सांधा बसवण्यापर्यंत जावं लागतं.

काही लक्षणांत वाट बघायची नाही. पन्नाशीपुढे चावताना जबडा भरून येणं आणि त्यासोबत डोकं दुखणं किंवा नजर धूसर होणं, हे त्याच दिवशी दाखवायचं. चालताना किंवा जिना चढताना डाव्या जबड्यात येणारी कळ हृदयाची असू शकते. सांध्यावर सूज आणि ताप, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, दोन-तीन आठवड्यांतच ठेवण बदलणं, यांनाही तातडीने दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना मोजमापांची वही, तारखेनुसार लावलेले फोटो, आधीचा प्रत्येक एक्स-रे, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि असेल तर स्प्लिंट डबीतून बरोबर घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, दातांचा नीट जुळलेला चावा दिसेल असा एखादा हसरा फोटोही शोधून ठेवा. पुढचे दात तेव्हा टेकत होते की नाही, हे कधी कधी त्या एका फोटोवरूनच कळतं.